भाव आता पकडायचा की नंतर? प्रोग्रॅममधील लॅम्डा आणि अडॅप्टरची ओळख

प्रतिनिधी

साकोली : नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर भंडाऱ्यानंतर साकोली हे तालुक्याचे गाव लागते. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडारा जिल्ह्यातील या तालुक्याचे अर्थकारण प्रामुख्याने धानाभोवती फिरते. खरिपाचे धान निघाले की आधारभूत खरेदी केंद्रांवर गर्दी होते आणि तिच्यासोबत नोंदींचीही रीघ लागते. शेतकऱ्याचे नाव, धानाचा प्रकार, वजन, ओलावा, तारीख, भाव. एकेकाळी रजिस्टरात होणाऱ्या या नोंदी आता संगणकावर होतात आणि संगणकावरील प्रत्येक नोंदीमागे कोणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम असतो.

हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापुढे रोज येणारे प्रश्न दिसायला अगदी लहान असतात. यादी वजनाप्रमाणे लावायची की तारखेप्रमाणे? ओलावा जास्त असलेल्या नोंदी कशा वेगळ्या काढायच्या? रकमेचा हिशेब करताना कोणता भाव धरायचा? संगणकशास्त्राने अशा लहान कामांसाठी दोन साधने घडवली आहेत. एक लॅम्डा आणि दुसरे फंक्शन अडॅप्टर. नावे बोजड वाटली तरी कल्पना साधी आहे. मात्र ती अर्धवट समजली, तर चूक थेट पैशांच्या रकान्यात उतरते. म्हणूनच संगणकाच्या विद्यार्थ्यांनी, आणि हिशेबासाठी संगणकावर विसंबणाऱ्या सामान्य वाचकांनीही, ती समजून घेण्याजोगी आहे.

पुढील विवेचनात खरेदी केंद्राचे उदाहरण केवळ समजुतीसाठी घेतले आहे. कोणत्याही प्रत्यक्ष प्रणालीचे ते वर्णन नव्हे.

लायब्ररी म्हणजे काय?

प्रोग्रॅम लिहिताना प्रत्येक गोष्ट मुळापासून लिहावी लागत नाही. यादी क्रमाने लावणे, यादीतून काही शोधणे, मोजणे, गाळणे ही कामे सर्वांनाच लागतात. ती एकदा नीट लिहून, तपासून सर्वांच्या हाती दिलेला संग्रह म्हणजे लायब्ररी. पुस्तकांच्या ग्रंथालयाशी तिचे साम्य एवढेच, की आतील सामग्री कोणालाही वापरता येते.

परंतु इथे एक अडचण आहे. क्रम लावणारे तयार फंक्शन लिहिणाऱ्याला साकोलीच्या केंद्रावर यादी कशाच्या आधारे लावायची आहे, हे ठाऊक असणे शक्य नाही. गाळणी लिहिणाऱ्याला ओलाव्याची मर्यादा ठाऊक नाही. त्यामुळे तो एक जागा मोकळी सोडतो. ‘क्रम मी लावतो, दोन नोंदींपैकी आधीची कोणती, ते तुम्ही सांगा.’ या मोकळ्या जागेत जे भरायचे, ते स्वतःच एक छोटे फंक्शन असते. लॅम्डा आणि अडॅप्टर यांचा जन्म याच मोकळ्या जागेसाठी झाला आहे.

सी भाषेत ही सोय पूर्वीपासून आहे. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक विदर्भातीलच नव्हे, तर देशभरातील विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरले. सी शिकलेल्यांना ‘क्यूसॉर्ट’ हे क्रम लावणारे फंक्शन परिचित असेल. त्याला तुलना करणाऱ्या दुसऱ्या फंक्शनचा पत्ता द्यावा लागतो. त्यासाठी ते दुसरे फंक्शन कुठेतरी वेगळे लिहून त्याला नाव द्यावे लागते. एका ओळीच्या कामासाठी स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र जागा. प्रोग्रॅम मोठा झाला की अशा नावांचे रान माजते आणि वाचणाऱ्याला एक ओळ समजण्यासाठी पाने मागे-पुढे चाळावी लागतात.

1998 चे अडॅप्टर

सी प्लस प्लस ही भाषा ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी बेल लॅब्समध्ये 1979 पासून घडवली. तिला आज जी लायब्ररी लाभली आहे, तिचा पाया मॉस्कोत जन्मलेल्या अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांनी मेंग ली यांच्या साथीने एचपीच्या प्रयोगशाळेत घातला. 1994 मध्ये ती मानकाच्या मसुद्यात स्वीकारली गेली आणि 1998 मध्ये भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले, तेव्हा ती भाषेचाच भाग झाली होती.

या लायब्ररीत अडॅप्टर नावाची काही छोटी साधने होती. शेतातील मोटारीचा पाइप तीन इंची आणि पुढची नळी दोन इंची असेल, तर मध्ये रेड्यूसर लावतात. मोटार बदलत नाही, नळीही बदलत नाही. फक्त दोघांची तोंडे जुळतात. फंक्शन अडॅप्टरचे कामही नेमके हेच आहे. हाती असलेले फंक्शन आणि लायब्ररीला हवे असलेले फंक्शन यांची तोंडे जुळवणे.

आता धानाकडे येऊ. आधारभूत खरेदीत धानातील ओलाव्याची कमाल मर्यादा 17 टक्के आहे. लायब्ररीत ‘ग्रेटर’ नावाचे तयार साधन असते. त्याला दोन संख्या दिल्या, की पहिली दुसरीपेक्षा मोठी आहे का, ते सांगते. पण गाळणीला एकच संख्या घेणारे फंक्शन हवे असते, कारण ती यादीतून एका वेळी एकच नोंद पुढे करते. दोनाचे एक कसे करायचे? दोनपैकी एक संख्या आधीच ठरवून टाकायची. ‘बाईंड सेकंड’ या अडॅप्टरला ‘ग्रेटर’ आणि 17 दिले, की दुसऱ्या जागी 17 कायमचे बसते आणि ‘ही संख्या 17 पेक्षा मोठी आहे का?’ असे विचारणारे नवे फंक्शन हाती येते.

कल्पना देखणी होती. वापर मात्र निसरडा होता. ‘बाईंड सेकंड’ऐवजी चुकून ‘बाईंड फर्स्ट’ लिहिले, तर 17 पहिल्या जागी बसते आणि प्रश्न उलटतो. ‘17 ही या संख्येपेक्षा मोठी आहे का?’ म्हणजे ओले धान वेगळे काढायचे ठरवले असताना नेमके सुके धान वेगळे निघते. प्रोग्रॅम कोणतीही तक्रार न करता चालतो. फक्त चांगल्या धानाच्या नोंदी नाकारलेल्यांच्या यादीत जातात.

दुसरी अडचण याहून मोठी होती. खरेदी केंद्राची नोंद म्हणजे नुसती संख्या नव्हे. तिच्यात नाव, वजन, ओलावा असे अनेक रकाने असतात. आधी नोंदीतून ओलावा काढायचा आणि मग त्याची 17 शी तुलना करायची, अशी दोन कामे एकापुढे एक जोडणारा अडॅप्टर 1998 च्या मानकात नव्हता. एका प्रसिद्ध अंमलबजावणीत तो जोड म्हणून दिला होता. पण मानकाने तो घेतला नाही. परिणामी प्रोग्रॅम लिहिणारे पुन्हा जुन्याच वाटेला लागले. एका ओळीच्या प्रश्नासाठी आठ-दहा ओळींचा स्वतंत्र क्लास लिहायचा आणि त्याला नाव शोधत बसायचे.

तर्कशास्त्रातून आलेले अक्षर

लॅम्डा हे ग्रीक वर्णमालेतील एक अक्षर. अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी 1930 च्या दशकात, म्हणजे आजच्या अर्थाने संगणक अस्तित्वात येण्यापूर्वीच, गणना म्हणजे काय याचा अभ्यास करण्यासाठी एक चिन्हपद्धती मांडली. तिच्यात फंक्शनला नाव देण्याची गरज नसते. ‘एक संख्या घे आणि तिच्यात एक मिळव’ एवढे लिहिले, की झाले फंक्शन. अशा बिननावाच्या फंक्शनची सुरुवात त्यांनी लॅम्डा या अक्षराने केली आणि तेच नाव रूढ झाले.

अडॅप्टरची मुळेही तर्कशास्त्रातच आहेत. दोन गोष्टी घेणारे फंक्शन हे एकेक गोष्ट घेणाऱ्या फंक्शनांची साखळी म्हणून मांडता येते, हे मोझेस शोनफिंकल यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात दाखवले. पुढे हॅस्केल करी यांनी ही कल्पना विस्तारली आणि त्यांच्या आडनावावरून तिला ‘करीइंग’ म्हणू लागले. स्वयंपाकघरातील करीशी तिचा काही संबंध नाही. ‘बाईंड सेकंड’मध्ये 17 आधीच बसवून टाकणे हे याच कल्पनेचे जवळचे नातलग होय.

संगणकाच्या भाषेत लॅम्डा आणली जॉन मॅकार्थी यांनी. 1958 मध्ये एमआयटीत त्यांनी सुरू केलेल्या लिस्प या भाषेत हा शब्द जसाच्या तसा आला. त्यानंतर बराच काळ ही सोय संशोधकांच्या वर्तुळातच अधिक राहिली. पायथन भाषेला ती 1994 मध्ये मिळाली. सी शार्पमध्ये ती 2007 मध्ये आली, सी प्लस प्लसमध्ये 2011 मध्ये, जावामध्ये मार्च 2014 मध्ये आणि जावास्क्रिप्टमध्ये बाणाच्या आकाराच्या खुणेसह 2015 मध्ये. तर्कशास्त्राच्या वहीतील अक्षर सुमारे 80 वर्षांनी बाजारातील जवळजवळ प्रत्येक मोठ्या भाषेत स्थिरावले.

लायब्ररीकडून भाषेकडे

सी प्लस प्लसमधील प्रवास विशेष लक्षवेधी आहे. भाषेत लॅम्डा नाही, तर ती लायब्ररीतच घडवू, असा प्रयत्न याक्को यार्वी आणि गॅरी पॉवेल यांनी बूस्ट या मुक्त लायब्ररी-संग्रहात केला. त्यांच्या पद्धतीत ‘रिकामी जागा क्रमांक 1 ही 17 पेक्षा मोठी’ अशा अर्थाचे थेट वाक्य लिहिता येई. रिकाम्या जागेसाठी आकड्यापूर्वी आडवी रेघ अशी खूण होती. त्याच संग्रहात पीटर दिमोव्ह यांनी ‘बाईंड’ हा नवा अडॅप्टर दिला. त्याने पहिली जागा, दुसरी जागा हा जुना भेद मिटवला. कोणतीही जागा भरा, कोणतीही मोकळी सोडा आणि वाटल्यास क्रमही बदला, अशी मुभा त्यात होती.

परंतु भाषेचे काम लायब्ररीकडून करून घेण्यालाही मर्यादा असते. लिहिताना एखादा स्वल्पविराम चुकला, तरी कंपायलर पानेच्या पाने भरतील एवढ्या चुका दाखवी आणि त्यातून मूळ चूक शोधणे जिकिरीचे होई. साधे ‘जर-तर’ लिहायलाही वेगळी चिन्हे लागत. हा अनुभव वाया गेला नाही. खुद्द यार्वी हेच पुढे भाषेत लॅम्डा आणण्याच्या प्रस्तावाच्या कर्त्यांपैकी एक होते आणि 2011 च्या मानकात ती दाखल झाली. त्याच मानकात नव्या ‘बाईंड’लाही स्थान मिळाले, जुने ‘बाईंड फर्स्ट’ आणि ‘बाईंड सेकंड’ मात्र कालबाह्य ठरवले गेले. 2017 च्या मानकातून ते काढूनच टाकण्यात आले.

आता ओलाव्याचा तोच प्रश्न लॅम्डाने कसा लिहिला जातो, ते पाहू. मराठीत मांडायचे तर त्याचे रूप साधारण असे होईल :

[मर्यादा] (नोंद) { नोंदीतील ओलावा मर्यादेपेक्षा जास्त आहे का, ते कळव; }

यात तीन कंस आहेत आणि तिन्हींची कामे वेगळी आहेत. महिरपी कंसात प्रत्यक्ष काम असते. गोल कंसात, गाळणी दर वेळी जी नवी वस्तू पुढे करणार, तिचे नाव असते. आणि चौकटी कंसात, हे छोटे फंक्शन आजूबाजूच्या प्रोग्रॅममधून काय सोबत घेऊन निघाले आहे, त्याची यादी असते. नोंदीतील रकाना वाचणे आणि तुलना करणे ही दोन्ही कामे एकाच ओळीत झाली. नाव शोधावे लागले नाही आणि मोठे-लहान उलटण्याची भीतीही कमी झाली, कारण तुलना डोळ्यांसमोर स्पष्ट लिहिलेली आहे.

नव्याने शिकणारे चौकटी कंसाकडे बहुधा दुर्लक्ष करतात. खरी जबाबदारी मात्र तिथेच असते.

आता की नंतर?

चौकटी कंसात एखादी गोष्ट दोन प्रकारे घेता येते. पहिल्या प्रकारात तिची प्रत काढून घेतली जाते. दुसऱ्या प्रकारात तिचा केवळ पत्ता घेतला जातो. हा फरक भावाच्या उदाहरणाने चटकन कळतो.

साधारण धानाची किमान आधारभूत किंमत 2024-25 च्या हंगामासाठी क्विंटलमागे 2300 रुपये होती आणि 2025-26 साठी ती 2369 रुपये झाली. समजा, वजन दिले की रक्कम सांगणारी एक लॅम्डा आपण भाव 2300 असताना तयार केली आणि तिच्यात भावाची प्रत घेतली. पुढे प्रोग्रॅममधील भाव बदलून 2369 केला, तरी ही लॅम्डा जुन्याच प्रतीकडे पाहून 2300 नेच हिशेब करीत राहील. 40 क्विंटलचे 94760 रुपयांऐवजी 92000 रुपये होतील. फरक 2760 रुपयांचा.

मग नेहमी पत्ताच घ्यावा काय? तसेही नाही. मागील हंगामाचा थकलेला हिशेब आज करायचा असेल, तर त्याला जुनाच भाव लागला पाहिजे. तिथे पत्ता घेतला असेल, तर मागील वर्षाच्या धानाला नव्या वर्षाचा भाव लागून बसेल. कोणता प्रकार बरोबर, हे भाषा ठरवू शकत नाही. ते व्यवहाराचा नियम ठरवतो आणि तो नियम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असावा लागतो.

पत्त्यात आणखी एक धोका आहे. सी प्लस प्लसमध्ये एखाद्या फंक्शनचे काम संपले, की त्याच्या आतील तात्पुरत्या गोष्टीही संपतात. अशा संपलेल्या गोष्टीचा पत्ता घेऊन बसलेली लॅम्डा नंतर वापरली, तर ती पुसलेल्या फळ्यावरचा भाव वाचू पाहते. तिथे काय सापडेल, याची कोणतीही हमी भाषा देत नाही. कधी जुनाच आकडा मिळतो आणि सारे ठीक असल्याचा भास होतो, कधी भलताच आकडा येतो, तर कधी प्रोग्रॅम बंद पडतो. चाचणीत न सापडता नेमकी गर्दीच्या दिवशी उघडी पडणारी चूक बहुधा याच जातीची असते.

पायथनमध्ये हा धोका वेगळ्या रूपाने येतो. तिथे लॅम्डा बाहेरच्या नावाची किंमत तयार होताना नव्हे, तर चालवली जाताना पाहते. 2025-26 साठी ‘अ’ श्रेणीच्या धानाचा भाव 2389 रुपये आहे. समजा, दोन्ही प्रकारांसाठी एकेक हिशेबाची लॅम्डा आपण एकाच आवर्तनात तयार केली. पहिल्या फेरीत ‘भाव’ या नावाची किंमत 2369, दुसऱ्या फेरीत 2389. आवर्तन संपल्यावर ‘भाव’ हे नाव 2389 वर थांबलेले असते आणि दोन्ही लॅम्डा त्याच नावाकडे पाहतात. त्यामुळे साधारण धानाच्या 40 क्विंटलचेही 95560 रुपये होतात, म्हणजे 800 रुपये जास्त. प्रोग्रॅममधली प्रत्येक ओळ बरोबर दिसते, पण उत्तर चुकते. पायथन शिकणाऱ्यांना हटकून चकवणारी ही चूक आहे.

तिच्यावरचा एक उपाय म्हणजे पुन्हा अडॅप्टरच. पायथनच्या ‘फंकटूल्स’ या संग्रहात ‘पार्शल’ नावाचे साधन 2006 मध्ये आवृत्ती 2.5 सोबत आले. भाव आणि वजन घेणाऱ्या फंक्शनमध्ये भावाची जागा ते तिथल्या तिथे भरून टाकते आणि वजनाची जागा मोकळी ठेवते. प्रत्येक फेरीत त्या क्षणाचा भाव पकडला जातो. पुढे नावाचे काहीही होवो.

लॅम्डा आली म्हणून अडॅप्टर निकामी झाले, असे म्हणता येत नाही ते याचसाठी. दोन्ही साधने एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत. कामातील कोणता भाग आता ठरवायचा आणि कोणता नंतरसाठी मोकळा सोडायचा? अडॅप्टर तो भाग आता ठरवून टाकतो आणि तसे उघड सांगतो. लॅम्डा दोन्ही मुभा देते; म्हणून ती अधिक सोयीची आहे आणि अधिक सावधगिरीही मागते.

कोणते केव्हा वापरावे?

सी प्लस प्लसमध्ये जाणकारांचा कौल बराचसा स्पष्ट आहे. स्कॉट मेयर्स यांनी 2014 च्या आपल्या पुस्तकात ‘बाईंड’पेक्षा लॅम्डा पसंत करावी, असा स्वतंत्र सल्लाच दिला. लॅम्डा वाचायला सोपी असते आणि कंपायलरलाही ती समजते. प्रत्येक लॅम्डाला स्वतःचा वेगळा प्रकार असल्यामुळे कंपायलर तिचे काम थेट गाळणीच्या आत मिसळून टाकू शकतो. फंक्शनचा पत्ता देण्याच्या जुन्या पद्धतीत हे नेहमी साधत नाही. त्यामुळे लॅम्डा वापरल्याने प्रोग्रॅम मंदावतो, ही समजूत बहुतेक वेळा खरी ठरत नाही.

अडॅप्टरही दरम्यान सुटसुटीत झाले आहेत. होकाराचा नकार करणारा ‘नॉट एफएन’ 2017 मध्ये आला, पुढच्या जागा भरणारा ‘बाईंड फ्रंट’ 2020 मध्ये आणि मागच्या जागा भरणारा ‘बाईंड बॅक’ 2023 मध्ये. मात्र सर्वांत मोठा बदल 2020 च्या मानकातील ‘रेंजेस’चा मानला पाहिजे. येथील अडॅप्टर एका फंक्शनला नव्हे, तर संपूर्ण यादीला लावले जातात. नोंदींची यादी घ्या, उभी रेघ मारून तिला गाळणी जोडा, पुढे आणखी एक रेघ मारून रक्कम काढणारे रूपांतर जोडा. गाळणीच्या आत एक लॅम्डा, रूपांतराच्या आत दुसरी. डावीकडून उजवीकडे वाचत गेले, की कामाचा क्रम आपोआप कळतो. लॅम्डा आणि अडॅप्टर इथे प्रतिस्पर्धी राहत नाहीत. अडॅप्टर ही पाइपाची जोडणी आणि लॅम्डा हे त्या जोडणीच्या आत होणारे काम, अशी त्यांची वाटणी होते.

या साखळीचा एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ती जोडली म्हणून लगेच काही मोजले जात नाही. भंडारा जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलावांचे पाणी दार उघडल्यावरच पाटाने शेताकडे निघते. तसे इथे कोणी उत्तर मागितले की मगच एकेक नोंद साखळीतून पुढे सरकते. यामुळे अनावश्यक काम वाचते. परंतु ‘आता की नंतर’ हा प्रश्न इथेही सुटत नाही. ही साखळी सहसा मूळ यादीची प्रत ठेवत नाही, नुसता तिच्याकडे निर्देश करते. उत्तर मागण्यापूर्वी मूळ यादीच नाहीशी झाली असेल, तर साखळी कोरड्या तलावाला जोडलेली राहते.

विद्यार्थ्यांची अडचण

बारावी विज्ञान शाखेच्या संगणकशास्त्र विषयात राज्यातील विद्यार्थी दीर्घकाळ सी प्लस प्लस शिकत आले आहेत. पदवीला आणि पदविकेलाही ही भाषा भेटतेच. तथापि अनेक प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या टर्बो सी प्लस प्लसच्या निळ्या पडद्याची जडणघडण 1998 च्या मानकापूर्वीची आहे. त्या पडद्यावर लॅम्डा सोडाच, मानकातील लायब्ररीही मिळत नाही. ज्या फाइलींच्या नावांपुढे ‘डॉट एच’ लावून प्रोग्रॅम सुरू करण्याची सवय लागते, त्यातली सर्वांत परिचित नावे 1998 नंतर मानकाने त्या शेपटाविना केली.

परिणाम असा होतो, की साकोलीसारख्या गावातील विद्यार्थी भाषेचे नाव तेच सांगतो. पण नागपूरच्या मिहानमध्ये किंवा पुण्याच्या हिंजवडीत मुलाखतीला गेल्यावर त्याला चौकटी कंसाने सुरू होणारी ओळ दिसते आणि ही आपली भाषा नव्हेच, असे वाटते. उलट प्रकारही घडतो. जुन्या पुस्तकातील ‘बाईंड सेकंड’चे उदाहरण नव्या संगणकावर टंकले, तर काही कंपायलर इशारा देऊन ते चालवून घेतात, तर काही 2017 नंतरच्या मानकाचा आधार घेऊन थेट नाकारतात. विद्यार्थ्याला वाटते, आपलेच काही चुकले. वास्तविक पुस्तकाचे मानक आणि संगणकाचे मानक यांत एका पिढीचे अंतर पडलेले असते.

यावरचा उपाय खर्चिक नाही. आजच्या मानकाचे जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर विनामूल्य मिळतात आणि साध्या संगणकावरही चालतात. पुस्तक हाती घेताना ते कोणत्या वर्षाच्या मानकावर आधारलेले आहे, ते आधी पाहावे. 2011 पूर्वीचे असेल, तर भाषेची मूलतत्त्वे त्यातून शिकावीत. लॅम्डा आणि अडॅप्टर मात्र नव्या ठिकाणाहून शिकावेत. सराव करताना एकच प्रश्न तीन प्रकारे सोडवून पाहावा : आधी नाव असलेल्या फंक्शनने, मग अडॅप्टरने, मग लॅम्डाने. तिघांचे उत्तर एकच आले पाहिजे. न आल्यास, कोणती गोष्ट केव्हा पकडली गेली, तिथेच चूक सापडण्याची शक्यता अधिक.

केवळ प्रोग्रॅमरपुरते नाही

हा विषय आता प्रोग्रॅमरांच्या कुंपणात राहिलेला नाही. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर 2020 मध्ये एक्सेलमध्ये लॅम्डा नावाचेच फंक्शन जाहीर केले आणि 2022 मध्ये ते सर्वसाधारण वापरकर्त्यांसाठी खुले झाले. कार्यालयात हिशेब ठेवणारी व्यक्ती आपले वारंवार लागणारे सूत्र त्यात बांधून, त्याला हवे ते नाव देऊन वापरू शकते. तिथेही भावाचा आकडा थेट सूत्रात लिहायचा की भावाच्या रकान्याकडे निर्देश करायचा, हा निर्णय घ्यावाच लागतो. आकडा थेट लिहिला, तर पुढच्या हंगामात सूत्र जुनाच भाव लावत राहील. रकान्याकडे निर्देश केला, तर भाव बदलताच मागील हंगामाचे हिशेबही बदलून जातील.

सोयींच्या बाबतीतही भाषांचे कर्ते एकमताचे नाहीत. पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी 2005 मध्ये पुढील मोठ्या आवृत्तीतून लॅम्डा वगळावी, असे सुचवले होते. नाव असलेले फंक्शन वाचायला अधिक स्पष्ट असते, असा त्यांचा कल होता. वापरकर्त्यांनी लॅम्डाचा आग्रह धरला आणि डिसेंबर 2008 मध्ये आलेल्या पायथन 3 मध्ये ती कायम राहिली. मात्र तिथे ती एका वाक्यापुरतीच मर्यादित आहे. त्या वादातून निघणारा निकष आजही उपयोगी पडतो. काम एका नजरेत कळण्याइतके छोटे आणि एकाच ठिकाणी लागणारे असेल, तर लॅम्डा लिहावी. तेच काम दुसऱ्यांदा लागले किंवा ते समजावून सांगण्यासाठी टीप लिहावीशी वाटली, तर त्याला नाव द्यावे. आणि तयार फंक्शन हाताशी असून त्यातील एखादीच किंमत आधी ठरवायची असेल, तर अडॅप्टर वापरावा.

साधन कोणतेही निवडले, तरी ते लिहून झाल्यावर दोन प्रश्न विचारणे हिताचे. यातली प्रत्येक किंमत कोणत्या क्षणी पकडली गेली आहे? आणि ज्या क्षणी ती वापरली जाईल, तेव्हाही ती बरोबर असेल काय? हिशेब धानाचा असो, पगाराचा असो वा घरपट्टीचा. ज्याच्या नावे रक्कम निघते त्याला लॅम्डा ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. त्याला पावतीवरचा आकडा तेवढा दिसतो आणि तो आकडा बरोबर असावा, एवढी त्याची रास्त अपेक्षा असते.